शिवलीलाचा गजर वाजेना

मित्रांनो, डोक्यावर दोन घंटा आणि त्यांच्या मधोमध एक छोटा हातोडा, असा मी किल्लीचा जुना गजर. झोपलेल्या माणसांना दचकवणं हे माझं काम. ते मी आयुष्यभर इमानानं केलं. पण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, एका दोन खोल्यांच्या घरात, एका हिवाळ्यात मीच असा दचकलो, की त्या आठवणीनं आजही माझे काटे थरथरतात. ती हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म घड्याळांच्या कारखान्यात झाला. कुणी माझी दातेरी चाकं बसवली, कुणी काट्यांना अंधारात चमकणारा हिरवा रंग लावला. शेवटच्या टेबलावर एक माणूस प्रत्येक गजराला वाजवून बघायचा. माझा आवाज ऐकताच त्यानं कानात बोटं घातली आणि मला 'पास'च्या पेटीत ठेवलं. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

तिथून मी महाद्वार रोडवरच्या एका दुकानात आलो. काचेमागं बरेच दिवस बसून होतो. एकोणीसशे एक्क्याण्णव साली गणपतराव नावाच्या गृहस्थांनी मला विकत घेतलं. ते मुरगूडच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. त्यांच्या शाळेत सर्वांत जोरात पळणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिचं नाव शिवलीला. मांडवात माझं खोकं तिच्या हातात देत ते म्हणाले, "पोरी, संसार कर, पण पळायचं सोडू नकोस."

शिवलीला हसली, वाकून पाया पडली आणि मी अहेराच्या साड्यांखाली पेटीच्या तळाशी गेलो. तिथंच मी सात वर्षं पडून राहिलो. ना किल्ली, ना टिकटिक. वाजण्यासाठी जन्मलेल्याला याहून मोठी शिक्षा ती कोणती?

मग एक दिवस पेटीचं झाकण धाडकन उघडलं.

शिवलीला आता पंचवीस वर्षांची झाली होती. तिचा नवरा अमरेश बिद्रीच्या साखर कारखान्यात हंगामी कामगार होता. ऊस गाळपाच्या दिवसांत तो तिकडेच राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायचा. घरात त्याची आई शांतव्वा होती. तिला कानांनी कमी ऐकू यायचं आणि गुडघे साथ देत नसत. आणि होती सहा वर्षांची सौंदर्या, पहिलीत जाणारी. शिवलीला उद्यमनगरातल्या कामगारांना जेवणाचे डबे करून द्यायची. दिवस उजाडला की स्टोव्ह पेटायचा आणि तो विझेपर्यंत तिला पाठ टेकायला मिळत नसे.

त्या दिवशी अमरेशला बिद्रीच्या गाडीत बसवायला ती स्टँडवर गेली होती. तिथं एक दारुडा कॉलेजच्या मुलींच्या मागं लागला होता. सगळे नुसते बघत उभे. तेवढ्यात गर्दीतून खाकी वर्दीतली एक बाई आली, तिनं त्याची कॉलर धरली आणि त्याला ओढत चौकीकडं नेलं. आपली शिवलीला हे बघत राहिली. घरी आली ती थेट पेटीपाशी.

पुढच्या सुट्टीला अमरेश जेवायला बसला, तेव्हा तिनं सांगून टाकलं, "मी पोलीस भरतीचा फॉर्म भरणार हाय."

अमरेशचा घास हातातच राहिला. "पोलीस? तू?"

"का? पळता येतंय की मला."

"अगं, ते सात वर्सांमागं. आता माडी चढलीस तरी दम लागतोय तुला."

"म्हणून तर पहाटं उठून सराव करणार."

आता मात्र तो मोठ्यानं हसला. "तू आणि पहाटं? लग्न झाल्यापास्नं तुला दूधवाल्याच्या हाकेनं जाग येती."

ती हसली नाही. ताटात भाकरी वाढत म्हणाली, "ह्या वर्षी भरला न्हाय, तर पुढल्या वर्षी वयात बसत न्हाय मी. एवढी एकच संधी हाय माझ्याकडं."

अमरेशनं तिच्याकडं वर पाहिलं. त्याचं हसू विरलं. "मग भर की," तो म्हणाला. "मी कुठं नको म्हणतोय?"

मित्रांनो, त्या दिवशी सात वर्षांनी मला किल्ली मिळाली. पोटातली स्प्रिंग ताणली गेली तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी फळीवर बसून पहाटेची वाट बघत राहिलो, आणि वेळ होताच असा घणघणलो की भांडी थरथरली. पलीकडच्या घरातल्या शालूबाई ओरडत दारात आल्या, "अगं ए शिवलीला! आग लागली का काय गं?" कुत्री भुंकू लागली. समोरच्या माडीवर दिवा लागला. अख्खी गल्ली उठली. उठली नाही ती शिवलीला. ती तोंडावर पांघरूण घेऊन गाढ झोपली होती.

मी थक्क झालो. असलीही झोप असते?

दुसऱ्या पहाटे तिनं झोपेतच हात लांब करून माझ्या डोक्यावरचं बटण दाबलं. सकाळी तिला त्यातलं काही आठवेना. तिसऱ्या दिवशी तिनं मला दूरच्या फळीवर उपड्या परातीवर ठेवलं. परातीमुळं माझा आवाज दुप्पट झाला. ती धडपडत उठली, अंधारात तिचा अंगठा ठेचाळला, आणि बटण दाबत ती माझ्यावर ओरडली, "मुडद्या, गप की!"

त्या शिवीनंही मला बरं वाटलं. कारण ती उठली होती!

तिनं सलवार-कमीज घातला, ओढणी कमरेला गच्च बांधली, कॅनव्हासचे बूट चढवले आणि ती रंकाळ्याकडं पळाली. परत आली तेव्हा थंडीतही घामानं डबडबलेली होती आणि तिच्या चेहऱ्यावर मी मांडवात पाहिलं होतं त्याहून वेगळं हसू होतं. मग रोजच असं होऊ लागलं. पुरुष तालमीत निघायच्या आत ती रंकाळ्यावर पोचायची. शांतव्वा दारात बसून आल्यागेल्याला सांगायची, "आमची सून पोलीस हुणार हाय. व्हय, पोलीस!" मला वाटलं, माझ्या आयुष्याचं सार्थक झालं.

एका पहाटे मात्र शिवलीला गेल्यावर सौंदर्याला जाग आली. तिनं शेजारी हात फिरवला. जागा गार होती. "आई," तिनं हळूच हाक मारली. बाहेरच्या खोलीत झोपलेल्या आज्जीला ती ऐकू गेली नाही. सौंदर्या रडली नाही. उठून बसली, गुडघे पोटाशी घेतले आणि आई दारात दिसेपर्यंत तशीच बसून राहिली. आई येताच पटकन आडवी झाली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

त्याच आठवड्यात अमरेश घरी आला होता. चहा पिता पिता तो बायकोला म्हणाला, "कारखान्यातल्या वॉचमनची पोरगी गेल्या साली भरती झाली. निवड झाली की नऊ महिने ट्रेनिंग असतंय म्हणं. लांब. मधी घरी सोडत न्हाईत."

"बघू की. आधी निवड तर होऊ दे," शिवलीला म्हणाली.

सौंदर्या तिथंच पाटीवर चित्र काढत बसली होती. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

आणि मग तो प्रकार सुरू झाला.

पहाट झाली होती. वाजायला अगदी थोडा वेळ उरला होता. माझा हातोडा शिवशिवत होता. इतक्यात अंधारात स्टूल सरकल्याचा आवाज आला. एक छोटी सावली स्टुलावर चढली. दोन लहान हातांनी मला परातीवरून उचललं आणि एका गार अंगठ्यानं माझं बटण खाली दाबलं. ती सौंदर्या होती.

मी सुन्न झालो. मला वाजायचं होतं आणि मला वाजता येईना. तिनं मला फ्रॉकच्या घेरात गुंडाळलं, पोटाशी धरलं आणि ती भिंतीला टेकून बसली. थंडीनं तिचे दात वाजत होते. पण अंगठा काही निघाला नाही. खिडकीत उजेड आला, तेव्हा तिनं मला पुन्हा परातीवर ठेवलं आणि ती आईच्या कुशीत शिरली.

दूधवाल्यानं हाक मारली तशी शिवलीला ताडकन उठली. "अगंबाई! गजर वाजलाच न्हाय?" तिनं मला उचलून पाहिलं. बटण दाबलेलं होतं. "मीच दाबला वाटतं झोपेत," ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तिनं मला कपाटावर ठेवलं, मग स्वयंपाकाच्या ओट्याच्या टोकाला ठेवलं. जिथं ठेवावं तिथं सौंदर्या यायची. तिला कोण उठवत होतं? कुणीच नाही. गजर मी होतो, पण माझ्याआधी ती जागी होत होती! एवढंसं पोर रोज माझ्या आधी कसं उठतं, आणि कशासाठी, हे मला काही केल्या समजेना.

शिवलीलानं मला पिशवीत घातलं आणि पापाच्या तिकटीजवळ जोतीराम घड्याळजींकडं नेलं. त्यांनी मला उघडलं, तपासलं आणि चार वेळा वाजवलं. रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. "वहिनी, ह्यात काय बी बिघाड न्हाय," ते म्हणाले. "कोण तरी दाबतंय बघा बटण."

"कोण दाबणार? मीच असणार," ती म्हणाली आणि खाली मान घालून मला घरी घेऊन आली.

त्या दिवशी तिनं झोपण्यापूर्वी आपला हात परकराच्या नाडीनं कॉटच्या पायाला बांधला. दोन गाठी मारल्या. सकाळी उठून पाहते तर गाठी जशाच्या तशा आणि बटण दाबलेलं! ती पांढरीफटक पडली. "आत्ती," ती सासूच्या कानाशी जाऊन म्हणाली, "आपल्या घरात कोण तरी फिरतंय."

"यव्वा!" शांतव्वानं कपाळाला विभूती लावली, सुनेच्या लावली आणि नातीच्याही लावली. दुपारी शालूबाई आल्या आणि त्यांनी भर घातली. "शिवलीला, तुझ्या आधी ह्या घरात राहत हुती ती म्हातारी पहाटंच गेली, ठावं हाय न्हवं? बाईमाणसानं अंधाराचं भायेर पडू ने."

हे सगळं सौंदर्या ऐकत होती. भुताच्या भीतीनं आता तरी ही उठायची नाही, असं मला वाटलं. पण दुसऱ्या पहाटे ती आली. डोळे घट्ट मिटून ती चाचपडत स्टुलावर चढली, पण चढली. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, माझ्यातल्या सगळ्या चाकांनी थांबावं. एवढं मोठं काय आहे या पोरीच्या मनात?

शाळेतून निरोप येऊ लागले. मुलगी वर्गात झोपते. पाढे म्हणताना मान पडते. आणि एके दिवशी प्रार्थनेच्या रांगेत सौंदर्या उभीच्या उभी कोसळली. बाई तिला रिक्षात घालून घरी घेऊन आल्या. तिच्या हनुवटीला खोक पडली होती. शिवलीलाच्या हातातलं भाकरीचं पीठ तसंच राहिलं. ती पोरीला उचलून डॉक्टरांकडं पळाली.

"अशक्तपणा दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "झोप नीट होते का हिची?"

"होती की," शिवलीला म्हणाली. "माझ्याच कुशीत झोपती."

टॉनिकची बाटली आली. शांतव्वानं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. शिवलीला मात्र सासूजवळ बसून म्हणाली, "आत्ती, माझ्या ह्या नादात पोरीकडं दुर्लक्ष झालं. न्हाय जायचं मला कुठं. भरती बी नको आणि पोलीस बी नको." तिनं कॅनव्हासचे बूट पुसले आणि कागदात गुंडाळून वर टाकले. त्या दिवशी तिनं माझा गजर लावला नाही.

पण सौंदर्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

काळजीनं शिवलीलाचा डोळा लागला नव्हता. पहाटे ती टक्क जागी पडून होती. शेजारी हालचाल झाली. सौंदर्या उठली. लघवीला जात असेल म्हणून आई बघत राहिली. पोरीनं स्टूल ओढलं. वर चढली. मला काढलं, फ्रॉकमध्ये गुंडाळलं आणि भिंतीला टेकून बसली.

"सौंदू?"

पोर केवढी दचकली! मी तिच्या हातातून निसटता निसटता वाचलो.

शिवलीला दिवा लावून तिच्यापुढं बसली. "काय करतीस बाळा?"

"काय न्हाय."

"बटण का दाबून धरलंस?"

सौंदर्यानं मला आणखी घट्ट पोटाशी धरलं. मग म्हणाली, "हात काढला की वाजतोय त्यो."

मित्रांनो, माझं बटण एकदा दाबलं की दाबलेलंच राहतं. ते धरून बसावं लागत नाही. हे तिला माहीत नव्हतं. हात काढला की मी वाजेन, या भीतीनं ती इतक्या पहाटा थंडीत कुडकुडत बसली होती. शिवलीलानं तिचा अंगठा हातात घेतला. त्यावर बटणाचा गोल वळ उठला होता.

"रोज तूच दाबत हुतीस?"

सौंदर्यानं मान हलवली.

शिवलीलाचा हात वर गेला. मला वाटलं, आता हिला मार बसणार. माझ्या डोळ्यांसमोर त्या बाईच्या सगळ्या फुकट गेलेल्या पहाटा आल्या. तिच्याही आल्या असतील. पण तो हात हवेतच थांबला आणि तिनं तो स्वतःच्या तोंडावर दाबून धरला.

"का गं? का केलंस असं?"

"ते वाजलं की तू जातीस."

"मग परत येते की!"

"नऊ महिन्यांनी?" सौंदर्या म्हणाली, आणि इतक्या दिवसांचं तुंबलेलं रडू एकदम बाहेर पडलं. "पप्पा म्हणालते. तू लई पळालीस की तुला नेत्यात. मग सोडत न्हाईत. मी एकलीच ऱ्हाणार. म्हणून मी तुला पळू दिलं न्हाय."

शिवलीलानं पोरीला ओढून छातीशी घेतलं. त्या दोघींच्या मध्ये मी चेपून गेलो होतो. दोघींची हृदयं माझ्याहून जोरात चालली होती.

सकाळी अमरेश आला. त्यानं सगळं ऐकलं आणि मटकन खाली बसला. "सोडून दे मग," तो म्हणाला. "पोरीपेक्षा काय जास्त हाय?"

"सोडलंयच मी," शिवलीला म्हणाली.

शांतव्वा कोपऱ्यात भाजी निवडत होती. तिला ऐकू कमी येत असलं तरी चेहऱ्यावरून ती सगळं ओळखायची. तिनं हातातली मेथीची जुडी आपटली. "का म्हणून सोडंल ती?" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की आम्ही सगळे हादरलो. "गल्लीला सांगितलंसा, शाळंला सांगितलंसा, मला बहिरीला कानात वरडून सांगितलंसा. ह्या पोरीला सांगितलं कुणी? घरात एवढं मोठं चाललंय आणि तिला कुणी इचारलं न्हाय. ती भिणार न्हाय तर काय करंल?"

नवरा-बायको एकमेकांकडं बघत राहिले.

मग शिवलीलानं सौंदर्याला पुढ्यात घेतलं आणि मोठ्या माणसाला सांगावं तसं सगळं सांगितलं. पोलीस म्हणजे काय, स्टँडवर तिनं काय पाहिलं, लहानपणी मुरगुडात ती कशी पळायची. "निवड झाली, तर जावं लागंल. नऊ महिने लागतील. मी तुला खोटं सांगणार न्हाय. पण पप्पा तुला भेटायला घेऊन येतील. आणि मी परत येणार. ह्याच घरात."

सौंदर्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या पहाटे मी वाजलो. किती दिवसांनी! बाप-लेक दोघंही शिवलीलाबरोबर रंकाळ्यावर गेले. परत आल्यावर सौंदर्या आज्जीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "आज्जी, आई लई जोरात पळती! मला दिसंनाशीच झाली." आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "म्हंजे ती जाणारच की."

तेवढं मात्र आज्जीला ऐकू गेलं नाही.

त्यानंतर मी रोज वाजत राहिलो. सौंदर्या कानांवर हात ठेवून पडून राहायची, पण उठून आली नाही. शाळेत तिची झोप थांबली. हनुवटीची खोक भरली.

भरतीच्या पळण्याच्या चाचणीचा दिवस उगवणार होता. अमरेश बिद्रीहून पहिल्या गाडीनं थेट मैदानावर पोचणार होता. आदल्या संध्याकाळी शिवलीलानं मला किल्ली दिली. रोजच्यापेक्षा जास्त दिली. बटण वर आहे ना, ते तिनं दोनदा चाचपून पाहिलं. आणखी एक पीळ, आणखी एक. माझ्या आत 'खट्' असं काहीतरी झालं. गजराची स्प्रिंग तुटली होती. चालण्याची स्प्रिंग वेगळी, ती शाबूत होती. त्यामुळं टिकटिक चालू राहिली आणि शिवलीलाला काही कळलं नाही. मला ओरडून सांगायचं होतं. पण ज्याच्या जोरावर ओरडायचं, तेच तुटलं होतं.

वेळ झाली. माझा हातोडा हलला नाही. काटा पुढं सरकला. शिवलीला निपचित झोपली होती. कितीतरी दिवसांचा शीण तिच्या अंगात होता. बाहेर दुधाच्या किटल्यांचा आवाज सुरू झाला. तालमीतली पोरं गल्लीतून बोलत गेली. मी आतल्या आत फुटत होतो.

तेवढ्यात सौंदर्यानं डोळे उघडले.

ती उठून बसली. तिनं आईकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. बाहेरचे आवाज ऐकले. मी वाजायला हवा होतो आणि वाजलो नाही, हे त्या पोरीच्या लक्षात आलं. ती स्टुलावर चढून माझ्याजवळ आली. तिनं बटण बघितलं. ते वरच होतं. ती खाली उतरली, आईच्या शेजारी जाऊन आडवी झाली आणि आईच्या गळ्यात हात टाकून गप्प पडून राहिली.

मी खचलो. कोण तिला बोल लावणार होतं? तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं पडून राहायचं होतं, म्हणजे आई कायमची घरात राहणार होती.

खिडकी किंचित उजळली. आणि मला आवाज आला.

"आई. ऊठ."

शिवलीला कण्हली.

"आई, ऊठ की! त्यो वाजलाच न्हाय." आणि आई दचकून उठून बसते न बसते तोच पोर घाईघाईनं म्हणाली, "मी दाबला न्हाय. शप्पत, मी दाबला न्हाय!"

शिवलीलानं तिच्याकडं पाहिलं. ती नजर मला अजून विसरता येत नाही. तिला बोलायला वेळ नव्हता. तिनं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कपाळ कपाळाला टेकवलं आणि बूट हातात घेऊनच ती दाराबाहेर पळाली. सौंदर्या उंबऱ्यात उभी राहून बघत होती. पावलांचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला तरी ती तिथंच उभी होती.

शिवलीला वेळेवर पोचली. ती निवडली गेली आणि पुढं ट्रेनिंगलाही गेली. सौंदर्याला ते सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात ती जेवताना एकाएकी उठून जायची. एकदा भेटायला नेली, तर परत येताना एसटीत पूर्ण वाट बोलली नाही. गाळप संपल्यावर अमरेश घरी आला आणि वेणी घालायला शिकला. त्या वेण्या बघून शालूबाई हसायच्या. शांतव्वा नातीला कुशीत घेऊन झोपू लागली. दिवस गेले.

शिवलीला परत आली तेव्हा उन्हानं रापली होती. केस आखूड कापलेले होते. सौंदर्या क्षणभर मागं सरली, मग जाऊन तिला बिलगली. सगळ्यांना वाटलं, शिट्टीवर उठायची सवय लागलेली ही बाई आता पहाटेच उठणार. पण दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आलं तरी शिवलीला झोपलेली होती. पोटाशी पाय घेऊन, लहान मुलीसारखी. शांतव्वानं भांड्याला भांडं लागू दिलं नाही. अमरेशनं स्टोव्हला पंप मारला नाही, चहा शेजारून मागून आणला. आणि सौंदर्या दाराबाहेर पायरीवर बसली होती. दूधवाल्यानं हाक मारायला तोंड उघडलं तशी तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि किटली हळूच पुढं केली.

"आई झोपलीया," ती कुजबुजली. "ड्युटी हाय तिला उद्यापास्नं."

मित्रांनो, जोतीरामांनी मला नवी स्प्रिंग बसवली आणि पुढं बरीच वर्षं मी शिवलीलाच्या ड्युटीच्या वेळा सांभाळल्या. मग मोबाइल आले. आता माझ्यावर धूळ साचते. कधीतरी कुणीतरी फडक्यानं पुसतं, तेवढंच. त्याचं मला दुःख नाही. गजर बदलले तरी चालतात.

पण तुमचे आई-वडील तुम्ही झोपलेले असताना उठून कुठं जातात, कशासाठी राबतात, हे त्यांना विचारत जा. ते सांगायचं विसरले, तर हट्ट करून विचारा. आणि कधी कसली भीती वाटली, तर ती एकट्यानं अंधारात धरून बसू नका. शेजारच्या माणसाला हलवा आणि उठवा. मोठ्या माणसांची झोप कितीही गाढ असली, तरी ती तुमच्या एका हाकेनं मोडते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.